एप्रिलचा फॉर्म

४ सप्टेंबर

डायरी लिहिणाऱ्यांपैकी मी नव्हे. ही वही बियाण्यांच्या दुकानाने फुकट वाटलेली आहे, प्रत्येक पानाखाली मक्याच्या वाणाची जाहिरात, आणि जानेवारीपासून ती कोरीच होती. आज उघडली, कारण कुणाशी बोलायला गेले तर तोंडातून शिव्याच बाहेर पडतील, आणि या लूप फोर्ड गावात डॉक्टरने सकाळी दिलेली शिवी दुपारपर्यंत तिन्ही चर्चमध्ये पोचते.

तर पत्र आलं. शिक्षणाच्या कर्जाचं. दोन लाख चौदा हजार डॉलर घेऊन मी डॉक्टर झाले, आणि इतकी वर्षं न चुकता हप्ते भरून आज ते दोन लाख एकाहत्तर हजार आहे. हप्ता पगाराच्या मानाने ठरतो, व्याज स्वतःच्या मर्जीने वाढतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण कर्जमाफीची योजना आहे. सरकारी नोकरीत किंवा नफा न कमावणाऱ्या संस्थेत पूर्णवेळ काम करायचं, एकशे वीस हप्ते भरायचे, उरलेलं सगळं माफ. दहा वर्षं. शिकाऊ डॉक्टर होते तेव्हाची तीन त्यात धरली, आणि पुढची इथे, आमच्या गावच्या क्लिनिकात. या महिन्यात माझे एकशे पाच झाले.

पत्रात लिहिलंय, एकोणनव्वद.

खाली कारण: गेल्या वर्षीच्या १५ मेपासून मालक पात्र नाही. मालक म्हणजे आमचं क्लिनिक! ज्याच्या छपराला गळती लागली की क्लिनिक चालवणाऱ्या बोर्डावरचे शेतकरी स्वतः शिडी लावून चढतात, ते क्लिनिक म्हणे नफा कमावतं.

पत्र घेऊन व्हर्नाबाईंपुढे आदळलं. व्हर्ना पोस्पिशिल, आमच्या ऑफिसच्या सर्वेसर्वा. तेहतीस वर्षं त्या पुढच्या टेबलामागे बसताहेत. दर एप्रिलला मालकाची सही असलेला फॉर्म मला वर पाठवावा लागतो, त्यावर सही त्यांचीच. तेवढं एक काम बाई न सांगता करतात, हे कबूल करायला हवं.

त्यांनी पत्र बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाल्या, "मोठ्या ऑफिसांच्या चुका होतात, डॉक्टर हार्मन."

हार्मन माझ्याआधीचे डॉक्टर. चार वर्षांपूर्वी वारले. मला इथे सहावं वर्ष चालू आहे तरी बाई मुद्दाम तोच टोमणा मारतात, म्हणजे मला विसर पडू नये की मी कुणाच्या खुर्चीत बसलेय.

५ सप्टेंबर

कर्जवाल्या कंपनीला फोन. एक तास पन्नास मिनिटं बासरी ऐकवली. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं क्लिनिक यादीत नाही." का नाही? "ते आमच्याकडे दिसत नाही, मॅडम." आणखी काही मदत हवी आहे का, तेही विचारलं तिने.

मग एमेटकडे गेले. एमेट सोर्ली अर्ध्या जिल्ह्याचे कर भरून देतो आणि उरलेल्या वेळात बियाणं विकतो. ही वही त्याचीच. त्याने दोन मिनिटांत शोधून काढलं.

"डॉक, तुमच्या क्लिनिकने तीन वर्षं वार्षिक विवरण भरलेलं नाही. ओळीने तीन वर्षं चुकली की कर खातं नफा न कमावणाऱ्यांच्या यादीतून नाव काढून टाकतं. आपोआप. कोणी चौकशीला येत नाही, काही नाही."

"पत्र तरी पाठवलं असेल?"

"पाठवलंय की. गेल्या वर्षी, १४ ऑगस्टला."

पंधरा महिन्यांच्या आत अर्ज केला तर नाव काढलंच नव्हतं असं धरतात. म्हणजे या १४ नोव्हेंबरपर्यंत. त्यानंतर केला तर पुढचं पुढे, मागचं बुडालं. माझी दीड वर्षं पाण्यात. आणि क्लिनिकला जिल्ह्याकडून मिळणारं अनुदान नाव साफ असल्याशिवाय डिसेंबरनंतर मिळणार नाही. लायल ग्रुंडी, आमचे बोर्डाचे अध्यक्ष, गुरं पाळतात आणि गुरांइतकंच बोलतात. ते एवढंच म्हणाले, "मग विकावं लागेल. ती मोठी कंपनी केव्हाची विचारतेय." कंपनीने घेतलं की ते नफ्याचं क्लिनिक. मग इथे माझा एकही हप्ता मोजला जाणार नाही. आणि इथली म्हातारी माणसं? पुढचा डॉक्टर अडतीस मैलांवर.

सत्तर दिवस आहेत. एमेट म्हणतो, होईल. मी म्हणते, झालंच पाहिजे.

८ सप्टेंबर

बाबांचा फोन. पस्तीस वर्षं ट्रक चालवला, आता ग्रँड आयलंडला बसून मला चालवतात.

"पोरी, तुला तेव्हाच म्हटलं होतं, ट्रकचं लायसन्स काढ. कर्ज चार वर्षांत फिटतं."

"बाबा, आज नको."

"मग डेन्व्हरवाल्या हॉस्पिटलात जा. सही केल्या केल्या साठ हजार देतायत म्हणालीस ना?"

देतायत. वर पगार दीडपट. आज दुपारभर मी कागदावर सगळं मांडून पाहिलं. डेन्व्हरचं हॉस्पिटल नफ्याचं, तिथे गेले तर माफी विसरायची आणि सगळं स्वतः फेडायचं. माफीशिवाय इथेच राहिले तर पंचवीस वर्षांची दुसरी योजना आहे, तीत शेवटी माफ होतं खरं, पण माफ झालेल्या रकमेवर करवाले हात मारू शकतात, आणि तोवर मी साठीच्या घरात. राज्याची खेड्यातल्या डॉक्टरांसाठी योजना होती, ती नव्याने येणाऱ्यांना. मी जुनी झाले.

माझी नऊ वर्षं कुणाच्या तरी टेबलाच्या खणात अडकलीत. ती मी सोडणार नाही. नाही म्हणजे नाही.

१७ सप्टेंबर

व्हर्नाबाई जमाखर्चाच्या वह्या देत नाहीत. एमेटने तीनदा मागितल्या. "घरी आहेत." "सोमवारी आणते." सोमवारी म्हणाल्या, "कुठल्या वह्या?" इतक्या निरागसपणे, की नाटक कंपनीत घ्यावं.

विवरणांचं विचारलं तर म्हणतात, मी दरवर्षी टपालाने पाठवते, तेहतीस वर्षं पाठवतेय. मग गेली कुठे? "टपालखात्याला विचार."

आणि त्या पिवळ्या चिठ्ठ्या! सगळीकडे. कॉफीच्या मशीनवर: "आधी पाणी. मग कॉफी. मग बटण." मागच्या दारावर: "कुलूप. किल्ली पर्समध्ये." जणू आम्ही बालवाडीतली पोरं. मी मशीनवरची काढून फेकली. दुपारी नवी लागली होती.

२३ सप्टेंबर

चर्चच्या जेवणाला व्हर्नाबाईंचे कोलाच होते. खसखशीचं सारण भरलेले हे गोड पाव त्यांच्या आजीने जुन्या देशातून आणलेल्या रीतीचे, आणि त्यांच्यासारखे जिल्ह्यात कुणाला येत नाहीत. या वेळी साखरच नव्हती. सगळ्यांनी निमूट खाल्ले, वर छान म्हणाले. या गावातला सभ्यपणा एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल.

मला वाटतं, त्यांच्या मनाला खातंय. खाऊ दे.

३ ऑक्टोबर

आज भांडले. लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःला शहाणी समजणार नाही.

बाईंची गाडी सकाळपासून पोस्टाबाहेर, आणि बाई क्लिनिकात चालत आलेल्या. विचारलं तर म्हणे व्यायाम. वर एकाच वेळेला दोन पेशंट लिहून ठेवलेले. माझं डोकं सटकलं.

"व्हर्नाबाई, तुम्हाला मी इथून जायला हवी आहे का? सरळ सांगा. बेचाळीस दिवस राहिलेत. तुमच्या वह्यांवाचून एमेट यंदाच्या, चौथ्या विवरणापुढे सरकत नाहीये. ही माझी जिंदगी आहे!"

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "तुझा फॉर्म एप्रिलमध्ये असतो."

"एप्रिलचं कोण विचारतंय? मी आत्ताचं बोलतेय!"

मग त्या औषधांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. रडत होत्या, आवाज येत होता. मी आत गेले नाही. पुढचा पेशंट घेतला.

१० ऑक्टोबर

एमेट बँकेकडून जुने उतारे मागवून आकडे जुळवतोय. हळूहळू जमतंय. तो म्हणतो, व्हर्नाबाईंच्या हातची मूळ विवरणं मिळाली असती तर आठ दिवसांचं काम होतं.

१९ ऑक्टोबर

सकाळी वाल्डो क्रेन आला. गुडघ्याचे पैसे देणं जमत नाही, म्हणून दर शिकारीला हरणाचं मांस आणून देतो. ते ठेवायला मी तळघरातल्या फ्रीजरकडे गेले. एरवी हे काम व्हर्नाबाईंचं, फ्रीजरला त्या कुणाला हात लावू देत नाहीत. त्यात मांस, मक्याची कणसं, आणि तळाशी पत्र्याचे डबे. डब्यांत कागद. घर जळलं तरी फ्रीजरमधला कागद जळत नाही, असं त्यांची आई म्हणायची, म्हणून क्लिनिकची मूळ सनद आजही हरणाच्या मांसाखाली आहे. मी यावरून सहा वर्षं हसत आलेय.

जागा करायला डबा उचलला. झाकण सैल होतं.

तीन जाडजूड पाकिटं. कर खात्याचा पत्ता, व्हर्नाबाईंचं सुरेख अक्षर, तिकिटं लावलेली. आत तिन्ही वर्षांची विवरणं. भरलेली, सह्या केलेली, शेवटच्या सेंटपर्यंत. त्यांच्याखाली कर खात्याची पत्रं, एकही न फोडलेलं. गेल्या ऑगस्टचंही.

प्रत्येक पाकिटावर एक पिवळी चिठ्ठी. पहिल्यावर: "आज टाक." दुसऱ्यावर: "आज नक्की टाक." तिसऱ्यावर: "टाकलं का?"

मी फ्रीजरचं झाकण लावलं आणि त्यावरच बसले.

हार्मन. साखर. पोस्टाबाहेरची गाडी. आधी पाणी, मग कॉफी, मग बटण. मी महिन्याला चारशे माणसं तपासते. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला विचारते, आज वार कुठला, हे तीन शब्द लक्षात ठेवा बरं. आणि ही बाई माझ्यापासून बारा फुटांवर बसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका! मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२१ ऑक्टोबर

क्लिनिक बंद झाल्यावर त्यांच्याजवळ बसले. पाकिटं टेबलावर ठेवली. त्यांनी ती ओळखली, हळूच हात फिरवला.

"सापडली तर," म्हणाल्या. "मी खूप शोधली गं."

"व्हर्नाबाई, हे कधीपासून होतंय?"

"कळलं तर तुला."

"मला आधी कळायला हवं होतं. मी डॉक्टर आहे."

"तू हप्ते मोजत होतीस," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, पावसापाण्याचं बोलावं तसं बोलल्या. "मला वाटलं, बरंच आहे. कोणीतरी नीट मोजतंय."

२३ ऑक्टोबर

एमेटचा आनंद गगनात मावेना. विवरणं हातात आली. हल्ली ही कॉम्प्युटरवरूनच घेतात, म्हणजे टपालात टाकली असती तरी परत आली असती, पण आकडे तयार आहेत.

मग तो चष्मा पुसायला लागला. एमेट चष्मा पुसायला लागला की समजावं, खरी गोष्ट आता येतेय.

"डॉक, अर्जासोबत कारण द्यावं लागतं. तीनपैकी निदान एका वर्षी का भरलं नाही, त्याचं. सबळ कारण. विसरलो, हे चालत नाही."

"आणि काय चालतं?"

"आग. पूर. किंवा हे काम करणारं एकच माणूस असेल आणि ते गंभीर आजारी असेल तर. पुराव्यासकट."

लायल कोपऱ्यात बसले होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "गाव लहान आहे," म्हणाले. "व्हर्नाचं डोकं असं कागदावर लिहून सरकारकडे पाठवायचं? त्यापेक्षा विकू आपण. तिला काही कळणार नाही."

मला बोलायचा हक्क कुठे आहे? तिला तपासायला पाठवते ते तिच्यासाठी की माझ्या सोळा हप्त्यांसाठी? तिची डॉक्टर म्हणून मी तिला तपासायला पाठवायलाच हवं, आजच, अर्ज असो नसो. आणि कर्जदार म्हणून मला तिच्या आजाराचा दाखला हवाय. दोन्ही बायका एकाच अंगात, आणि दोघींचं म्हणणं एकच. म्हणूनच मला दोघींवरही विश्वास नाही.

२४ ऑक्टोबर

त्यांना सगळं सांगितलं. माझे हप्तेसुद्धा; लायल विकायचं म्हणतात, तेवढं मात्र नाही.

भडकल्या. "माझं डोकं मी सरकारी फायलीत घालणार नाही! तेहतीस वर्षं या गावाची गुपितं मी पोटात ठेवली. कुणाला काय रोग, कुणाचं मूल कुणाचं. आणि माझं एक गुपित तुम्हाला ठेवता येत नाही?"

बरोबर होतं त्यांचं. मी म्हटलं, अर्ज तुमच्या नावाशिवाय करू. एमेट म्हणाला, मग तो नापास होईल. मी म्हटलं, होऊ दे. पण तपासायला तुम्ही जायचंच, त्याचा अर्जाशी संबंध नाही. दार आपटून गेल्या.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळी आपण सगळे असंच म्हणत होतो, थकली असेल." मला ते आठवतही नव्हतं. खोटं कशाला, आठवायचं नव्हतं.

२८ ऑक्टोबर

सकाळी सातला व्हर्नाबाई माझ्या दारात. हातात कोलाच. चाखून पाहिला, साखर दुप्पट.

"लायल क्लिनिक विकतोय हे मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्यावर दबाव आल्यासारखं झालं असतं."

"दबाव! डॉक्टरीणबाई, मी सहा पोरं आणि एक नवरा पुरून उरलेली बाई आहे. बस खाली. आता ऐक. व्हर्नाचं डोकं गेलं, हे गावाला आज ना उद्या कळणारच आहे. सगळ्यांनी बिनसाखरेचे कोलाच खाल्ले, त्यांना काय वाटतं, मला कळलं नाही? पण व्हर्नामुळे क्लिनिक गेलं, हे माझ्या थडग्यावर नको. लिहा माझं नाव. मोठ्या अक्षरात लिहा."

सतरा दिवस. कामाला लागले.

३० ऑक्टोबर

जवळच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ एप्रिलमधली. एप्रिल! मी आठ ठिकाणी फोन केले. नवव्या ठिकाणी ओमाहातली माझी जुनी सिनियर निघाली. एक पेशंट रद्द झालाय, ७ तारखेला अकरा वाजता. फोन ठेवून मी खुर्चीतच नाचले.

७ नोव्हेंबर

गाडीने साडेचार तास जाऊन, साडेचार तास येऊन आत्ता जेवायला बसलेय. जेवण जात नाहीये म्हणून लिहितेय.

निदान झालं. जे वाटत होतं तेच. व्हर्नाबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "किती दिवस मला मी कोण हे कळेल?" डॉक्टर म्हणाल्या, काही वर्षं मिळतील, पण ऑफिस आता सोडा. बाईंनी मान हलवली आणि पर्समधून पिवळा कागद काढून ते लिहून घेतलं.

पण मी विचारलं, हे तीन वर्षांपूर्वी होतं असं तुम्ही लिहून द्याल का, तेव्हा माझी सिनियर म्हणाली, "थिया, मी आजचं सांगू शकते. तेव्हा कुणी तपासलं होतं का? कुणी नोंद केली होती का?" नाही. तेव्हा त्यांच्या शेजारी एकच डॉक्टर होती.

परतीच्या वाटेवर मी हे व्हर्नाबाईंना सांगितलं. दाखला मिळाला, पण तारीख नाही, आणि तारखेशिवाय तो कुचकामी. त्या खिडकीबाहेर कापलेल्या मक्याची शेतं बघत राहिल्या. ग्रँड आयलंड मागे पडलं तेव्हा म्हणाल्या, "चिठ्ठ्या चालतील का?"

"कुठल्या चिठ्ठ्या?"

"माझ्या. मी कागद फेकत नाही, तुला माहीत आहे."

८ नोव्हेंबर

बुटांचे तीन खोके. सगळ्या पिवळ्या चिठ्ठ्या. आणि बाई ऑफिसची असल्यामुळे एकूण एक चिठ्ठीवर क्लिनिकच्या टपालाचा तारखेचा शिक्का! आलेल्या पत्रावर मारतात तो. स्वतःच्याच निरोपांवर मारलाय, निरोप पोचल्यासारखा.

पहिली चिठ्ठी पावणेचार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली. पहिलं विवरण चुकलं त्याच्या तीन महिने आधीची. एमेट ती हातात घेऊन उभाच राहिला. "डॉक, असा पुरावा मी आयुष्यात पाहिला नाही."

आम्ही दुपारभर त्या लावत बसलो. "बुधवारी कचरा." "वाल्डोला गुडघा विचार." "फ्रीजर खाली आहे, डावीकडे." "आयरीन = बहीण, फोन रविवारी." "रडू नकोस, वही कपाटात आहे."

आणि ती पहिली, फेब्रुवारीची. तिच्यावर विवरणाचं अक्षर नाही, वह्यांचं नाही, घराचं नाही. तिच्यावर लिहिलंय: "थियाचा फॉर्म. एप्रिल. हे पहिलं. बाकी काही राहिलं तरी चालेल."

दरवर्षी मार्चमध्ये तीच परत लिहिलेली. शिवाय मधूनमधून, बावीस वेळा मोजल्या मी: "हिचं नाव थिया आहे. हार्मन नव्हे. तिला वाईट वाटतं."

एमेटसमोर मला रडायचं नव्हतं. रडले.

१३ नोव्हेंबर

सकाळी अकरा वीसला अर्ज गेला. एक दिवस राखून. चार विवरणं, तीन जुनी आणि एक यंदाचं, ओमाहाचं पत्र, एकशे चाळीस चिठ्ठ्यांच्या नकला, आणि व्हर्नाबाईंचं स्वतःचं निवेदन, जे त्यांनी सांगितलं आणि एमेटने जसंच्या तसं टाइप केलं: "मी तीस वर्षं एकही विवरण चुकवलं नाही. मग तीन चुकवली. मी आळशी नव्हते. मी आजारी होते आणि मी ते लपवलं. लपवल्याबद्दल मला दंड करा, क्लिनिकला नको."

एमेटने बटण दाबलं. व्हर्नाबाईंनी पर्समधून एक तिकीट काढून त्याच्यापुढे धरलं. "हे कुठे लावायचं?"

एमेटने ते घेतलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात गंभीरपणे चिकटवलं. "आता पोचतं," म्हणाला.

२ डिसेंबर

व्हर्नाबाई गेल्या, म्हणजे बहिणीकडे, आयरीनकडे. वीस मैल. निरोपाचा केक लायलने आणला आणि तीन वाक्यं बोलले, म्हणजे त्यांच्या मानाने व्याख्यानच. जिल्ह्याने अनुदानाचा निर्णय जूनपर्यंत लांबवलाय. तोवर विकायचं नाही, असं बोर्डाने ठरवलं. पाच विरुद्ध दोन.

नव्या मुलीने सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. मशीनवरची मी परत लावली. तारखेचा शिक्का कुठे सापडत नाहीये.

३ मार्च

आलं! नाव परत लागलं, गेल्याच्या गेल्या वर्षीच्या १५ मेपासून, जणू काढलंच नव्हतं. लायलने पत्र दोनदा वाचलं आणि टोपी हवेत फेकली. ती दिव्यात अडकली, अजून तिथेच आहे.

कर्जवाल्यांना फोन केला. पाऊण तास बासरी. पण मोजदाद सुधारायला पाठवलीय. एकशे अकरा.

१२ एप्रिल

या वर्षीच्या फॉर्मवर लायलने परवाच सही केली, कॉम्प्युटरवरून, आणि तो गेलासुद्धा. आज रविवार म्हणून व्हर्नाबाईंना भेटायला गेले. बाबाही आले होते बरोबर, का ते त्यांनी सांगितलं नाही. आयरीनने दारातच हळू आवाजात सांगितलं, आठवडाभर बऱ्या नाहीत, तिलाही ओळखत नाहीत.

स्वयंपाकघरात खिडकीशी बसल्या होत्या. बाबांकडे बघून गोड हसल्या, माझ्याकडे परक्यासारखं बघितलं. फ्रिजवर त्यांच्या हातची एक चिठ्ठी होती, अक्षर वाकडं झालेलं. मला वाचायची गरज नव्हती.

मी शेजारी बसले. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत चिठ्ठीकडे.

"आणलास का?" एकदम ऑफिसच्या आवाजात. "एप्रिल आहे."

माझ्या पिशवीत एक बिनसहीचा फॉर्म होता. का ठेवला होता, माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. मी तो काढून दिला.

त्यांनी चष्मा लावला. एकेक ओळ बोटाने वाचली. मी गडबडीत क्लिनिकचा पत्ता अर्धाच लिहिला होता, तो त्यांनी पुरा केला, न विचारता, न अडखळता. मग सही. मग स्वेटरच्या खिशातून तारखेचा शिक्का काढला, भिंतीवरचं कॅलेंडर बघत अंगठ्याने चाकं फिरवली, बारा एप्रिलवर आणली, आणि सहीखाली दाबून मारला.

"पुढच्या वर्षी उशीर करू नकोस," म्हणाल्या. "हे पहिलं काम."

"नाही करणार."

"नाव काय तुझं?"

"थिया."

"हां," त्या म्हणाल्या. "मी लिहून ठेवलंय."

परत येताना क्लिनिकपाशी गाडी थांबवून मी तळघरात उतरले, पत्र्याचा डबा उघडला आणि फॉर्म सनदेच्या वर ठेवला. वरून वाल्डोचं हरणाचं मांस नीट रचलं.